राझी: छत्रीचा सीन आवडता आणि जीपचा नावडता? काहीही!

खवट सातारकर:
परवा 'पॉपकॉर्न टब' यांनी राझीतले आपले आवडते-नावडते प्रसंग लिहिले. सर्वांत आवडता: सेहमत (म्हणजे आलिया, पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून घुसलेली आपली हेर) बुरखा घालून छत्रीचं विषारी टोक टोचते आणि थोरल्या दिराचा, मेहबूबचा काटा काढते तो. ("काय थ्रिल!") सर्वांत नावडता: अब्दुलला जीपखाली घालते तो, कारण "एवढी नाजूक पोरगी असं करेल हे पटत नाही आणि नंतरच्या रडारडीनं पिक्चरचा वेग जातो." तिथेच दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो. नाही बसवलं.

अहो, अब्दुल कोण आहे? ना फौजी, ना हेर. घरचा जुना नोकर. त्याचा गुन्हा एवढाच की त्याचा संशय खरा निघाला. हाच म्हातारा आपल्या बाजूचा असता तर खाल्ल्या मिठाला जागला म्हणून तुम्हीच टाळ्या पिटल्या असत्या. सुरुवातीला खारीला वाचवणारी पोरगी याच्या मागे जीप घालते, तिथे आपल्याला कळेनासं होतं की आता कोणाच्या बाजूनं श्वास रोखायचा. तो सीन काढा, उरतं काय? आलियाचे ड्रेस आणि गुलजारची गाणी.

आणि छत्री! सिनेमातली गोष्ट १९७१ची. विषारी छत्री जगाला माहीत झाली १९७८ साली, लंडनमध्ये वॉटर्लू पुलावर बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत रायसिन या विषाची गोळी गेली तेव्हा. सात वर्षं आधीच आपल्या पोरीच्या हातात ती कशी आली? बरं, आली तर आली. पण टोचलं, गर्दीत मिसळली, संपलं. ज्या सिनेमानं तोवर प्रत्येक गोष्टीची किंमत मोजायला लावली, त्यानं नेमकं इथे उधारीवर काम भागवलं.

माझा आवडता विचाराल तर 'ऐ वतन'. पाकिस्तानी शाळेतली पोरं त्यांच्या वतनासाठी गातायत, ही त्यांच्यात उभी राहून स्वतःच्या वतनासाठी. शब्द तेच. मध्येच इक्बालांच्या 'लब पे आती है दुआ'च्या ओळी येतात. कोणी कोणाला मारत नाही, तरी छातीत धडधडतं. याला म्हणतात थ्रिलर.

पॉपकॉर्न टब:
मी थ्रिलर बघायला जातो, श्राद्धाला नाही. आणि मार्कोव्ह १९७८चा म्हणून त्याआधी कोणी छत्री वापरलीच नसेल याचा दाखला आहे का तुमच्याकडे? पकडले गेलेले प्रकारच आपल्याला कळतात, सातारकर. बाकी तुमचा निबंध छान. किती गुण हवेत?

माहेर गिरगाव:
दोघांचंही चुकतंय. मेहबूब मेल्यावर खरी किंमत कोण मोजतं? मुनीरा. सेहमतला सख्ख्या बहिणीसारखं वागवणारी जाऊ, आणि हिनेच तिचं कुंकू पुसलं. सगळ्यात भयंकर प्रसंग तिथे होता. आमच्या अमृता खानविलकरनं मिळालेल्या दोन-चार मिनिटांत डोळ्यांनी जे केलंय ते पाहा. पण दिग्दर्शिकेला वेळ नाही, लगेच पुढचं मिशन. हिंदीवाले आपल्या मुलींना वहिनी, जाऊ नाहीतर मोलकरीण याच्या पुढे काही देतच नाहीत.

पॉपकॉर्न टब:
आलं, आलं! अजून कसं आलं नाही याचीच वाट बघत होतो.

तारमास्तरांची लेक:
कोणी बाथरूमबद्दल बोलेल का? सेहमत आत बसून मोर्सची, म्हणजे ठिपका-रेघेच्या तारभाषेची, बटणं दाबते आणि भरल्या घरात, रात्रीच्या शांततेत, कोणाला ऐकू जात नाही! माझे वडील तारघरात होते. आमचं क्वार्टर ऑफिसला लागूनच. भिंतीपलीकडून रात्री ती कडकट्ट ऐकत आम्ही भावंडं झोपायचो. वडील जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "कोल्हापूरवर आज नवा पोरगा बसलाय." नुसत्या आवाजावरून! प्रत्येकाचा हात वेगळा. कोणी ठिपका घाईत उडवतो, कोणी रेघ ओढतच बसतो. अब्दुल इतकी वर्षं त्या घरात वावरलाय, त्याच्या कानाला हे आधीच लागायला हवं होतं.

सिग्नलवाला (निवृत्त):
ताई, तारघरातला साउंडर आणि वायरलेसची 'की' (संदेश पाठवायचं बटण) यांत गल्लत होतेय. साउंडर मुद्दाम मोठ्यानं वाजतो, ऐकूनच तार उतरवायची म्हणून. वायरलेसची टूं-टूं कानावरच्या हेडफोनात असते, बाहेर ती 'की' दाबल्याची बारीक टकटक फक्त. नळ सोडला की तीही नाही. आम्ही जबलपूरला सिग्नलच्या प्रशिक्षणात याच गोष्टीवर घासले गेलोय. खरा धोका आवाजाचा नाहीच. दिशा शोधणारे अँटेना दोन-तीन ठिकाणांहून लावले की रेषा जिथे छेदतात ते घर. रोज त्याच घरातून संदेश गेले तर लष्करी वस्तीत ते सापडायला फार दिवस लागू नयेत. सिनेमाचा नावडता सीन द्यायचाच तर हा द्या.

तारमास्तरांची लेक:
गल्लत वगैरे काही नाही. 'बारीक टकटक' असं तुम्हीच लिहिलंय. सासूबाईंच्या घरात रात्री चमचा ठेवला तरी दुसऱ्या खोलीतून "कोण आहे?" येतं. तुम्ही कधी सून म्हणून राहिला नाहीत, हे दिसतंच आहे.

सिग्नलवाला (निवृत्त):
या मुद्द्यापुढे लष्कर शस्त्रं खाली ठेवतं.

माहेर गिरगाव:
ताई, जिंकलात! आमच्याकडे तार आली की वाचायच्या आधीच आजी रडायला बसायची. एकदा निघाली मामाच्या नोकरीची तार, तोवर शेजारच्या बायका जमल्या होत्या.

तारमास्तरांची लेक:
अगदी! आणि लग्नसराईत उलटं. शुभेच्छांची वाक्यं ठरलेली, त्यांना नंबर. नुसता आकडा पाठवायचा, पलीकडे पूर्ण वाक्य लिहून निघायचं. जुलै २०१३मध्ये सेवा बंद झाली त्या दिवशी वडील काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र बोटं ताटाच्या कडेवर चालली होती.

खवट सातारकर:
धागा तारघरात गेला. मी अब्दुलबद्दल बोलत होतो, आठवतंय का कोणाला?

वायझॅगवाले कुलकर्णी काका:
सातारकर, थांबा, तारेचं खरं प्रकरण पुढेच आहे. सेहमत जी खबर देते ती गाझीची ना? ती पाकिस्तानी पाणबुडी १४ नोव्हेंबर १९७१ला कराचीहून निघाली होती, आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या शिकारीवर. विक्रांत तोवर अंदमानात लपवलेली. नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विशाखापट्टणमला, म्हणजे आमच्या वायझॅगला, असा देखावा उभा केला की विक्रांत इथेच आहे. बाजारात एवढ्या मोठ्या जहाजाला पुरेल इतक्या शिधा-भाजीच्या ऑर्डरी दिल्या, म्हणजे बातमी आपोआप फुटावी. आयएनएस राजपूत या दुसऱ्या युद्धनौकेनं विक्रांतच्या नावानं वायरलेसवर भरमसाठ संदेश सोडले. आणि विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावानं एक साधी, खासगी तार सोडली: आई फार आजारी आहे असं कळलं, तब्येत कशी आहे? गुप्तता मोडणारी वाटावी म्हणूनच. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी वायझॅगच्या तोंडाशी बुडाली, आतले ९३ जण गेले. राजपूतनं टाकलेल्या डेप्थ चार्जनी (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनी) की आतल्याच स्फोटानं, यावर दोन्ही देश आजही भांडतात.

आता सांगा, ही तार कुठे आणि तुमची छत्री कुठे! मी नोकरीची सगळी वर्षं त्या बंदरात काढली. राझी बघून बाहेर पडलो तर शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, त्या आलियामुळेच गाझी बुडाली ना?" मी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

पॉपकॉर्न टब:
काका, ज्या कादंबरीवरून सिनेमा केला तिचे लेखक हरिंदर सिक्का स्वतः नौदलातले. त्यांना कळत नव्हतं का?

वायझॅगवाले कुलकर्णी काका:
कादंबरी आहे ना? मग झालं. नौदलातला माणूस कादंबरी लिहितो तेव्हा त्याचा लॉगबुक होत नाही.

सिग्नलवाला (निवृत्त):
काकांशी सहमत. वायरलेसवर खोटी गर्दी उभी करणं हा खरा कसब. ते पडद्यावर दाखवलं तर प्रेक्षक झोपतील एवढंच.

पॉपकॉर्न टब:
हेच मी केव्हाचा सांगतोय! खरी हेरगिरी म्हणजे भाजीची ऑर्डर. तिकीट काढून भाजीची ऑर्डर कोण बघणार?

खवट सातारकर:
मी बघेन. आणि शेवट आठवा. सेहमतला तयार करणारा आपला हेर-अधिकारी मीर तिच्यासकट ग्रेनेडनं प्रकरण संपवायला निघतो; बुरख्यातली दुसरी निघाली म्हणून ही वाचली. मग ती त्याच्यावर जी फुटते, ती जीपचा सीन नसता तर तुम्हाला नाटकी वाटली असती. तिला तोवर कळलंय की आपणही कोणाच्या तरी हिशेबात अब्दुलच आहोत.

पॉपकॉर्न टब:
ठीक. जीप नावडत्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरवर ढकलतो. पहिल्यावर आता बाथरूम. तुमच्यासाठी नाही, ताईंच्या सासूबाईंसाठी. छत्री जागची हलणार नाही.

माहेर गिरगाव:
आणि मुनीरा?

पॉपकॉर्न टब:
मुनीराला वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.