खेकडीची पिल्लं आईची पाठ फोडून निघतात का? आणि बादलीत एकाचे दोन खेकडे कसे झाले?

कोयनाकाठचा (पाटण, जि. सातारा)

मंडळी प्रश्न येडपट वाटंल पण घरात दोन दिवस यावरनं कालवा चाललाय म्हणून विचारतोय.

परवा पहिला दणक्याचा पाऊस झाला, मी आणि चुलतभाऊ बॅटरी घेऊन रात्री ओढ्याला गेलो, पंधराएक खेकडी घावली. आई निवडायला बसली तर एकीच्या पोटाखालच्या झाकणात बारकी बारकी मुगाएवढी खेकडीच खेकडी, वळवळ करत्यात. अंडी न्हाईत, डायरेक्ट पिल्लं. आजी म्हणाली ही लेकुरवाळी हाय, हिला कालवणात घालायची न्हाय, सोडून या, तशीबी ती जगणार न्हाय कारण पिल्लं आईला फोडूनच बाहेर येत्यात. झालं, पोरगी (तिसरीत आहे) रडायला लागली. मग ती खेकडी एका बादलीत ठेवली आणि पोरीच्या हट्टापायी अजून एक बारका खेकडा दुसऱ्या बादलीत. त्याला एक नांगी नव्हतीच, तिथं नुसती बोंडासारखी गाठ होती.

आता खरी गंमत. सकाळी बघतो तर दुसऱ्या बादलीत दोन खेकडे! एकाची पाठ मागनं उघडलेली, हालत न्हाई, आणि शेजारी दुसरा, मऊ, फिक्कट रंगाचा, आणि चक्क पहिल्यापेक्षा मोठा. आजी म्हणती बघ मी म्हणलं नव्हतं, फुटली का न्हाय पाठ. आता मला सांगा पिल्लू आईपेक्षा मोठं कसं असंल? आणि या नवीन गड्याला बोंडाच्या जागी बारकीशी नांगीपण आहे!! लेकुरवाळी मात्र पहिल्या बादलीत धडधाकट आहे.

कुणाला यातलं कळत असंल तर नीट सांगा, आजीला वाचून दाखवणार आहे.

भडंग_मिरची (सांगली)

भावा एकाचे दोन होणारे खेकडे असतील तर एक जोडी इकडं पाठव, मी सोलापूर रोडला हॉटेल टाकतो 😂

मासेवाली_ताई (मूळची कराडची, रत्नागिरीला फिशरीज केलंय)

दादा, तुमच्या बादलीत एकच खेकडा आहे, दुसरं त्याचंच कपडे काढून ठेवलेलं. त्याने कात टाकली. सापासारखीच, फक्त सापाची कात पातळ असते आणि याचं अख्खं चिलखत असतं म्हणून हुबेहूब दुसरा खेकडा वाटतो.

तो हलत नसलेला उचलून बघा (मऊ असलेल्याला हात लावू नका प्लीज). एकदम हलका लागेल, वास येणार नाही, आत मांसाचा कण नाही. पाठीचं झाकण मागच्या बाजूने उघडलेलं असेल, कारण खेकडा पाठीमागून सरकत बाहेर येतो, पाय नांग्या सगळं त्या नळ्यांतनं ओढून घेत. डोळ्यांवरची काच सुद्धा कातीवर राहते, आणि गंमत म्हणजे कल्ल्यांचं अस्तर आणि पोटातले दळायचे दात पण. हो, खेकड्याला जठरात दात असतात, जात्यासारखे, ते पण प्रत्येक वेळी नवे. मेलेला खेकडा असता तर दुसऱ्या दिवशी घर सोडून पळाला असता तुम्ही, इतका घाण वास सुटतो.

मोठा कसा दिसतो, तर जुनं कवच वाढत नाही, लहान मुलाचा बूट असतो तसं, पाय वाढला की बूट बदलायलाच लागतो. आतल्या आत आधी मऊ सुरकुतलेलं नवं कवच तयार होतं आणि जुनं टाकलं की खेकडा पोटभर पाणी ओढून फुगतो, त्यामुळे नवं कवच ताणलं जातं आणि मग त्याच मापाला कडक होतं. मांस नंतर हळूहळू भरतं. आपल्याकडे म्हणतात ना पौर्णिमेचे खेकडे पोकळ, अमावस्येचे भरलेले, चंद्राचं राहू द्या बाजूला पण पोकळ निघण्याचं कारण बहुतेक वेळा हेच, नुकती कात टाकलेली असते आणि आत मांसापेक्षा पाणी जास्त. विकत घेताना पोटाकडची बाजू दाबून बघायची ती याचसाठी.

आणि नांगी! ती बोंडासारखी गाठ म्हणजे घडी घालून ठेवलेली नवी नांगीच होती. संकटात सापडला की खेकडा स्वतःच नांगी सोडतो, ती ठराविक जोडावरच तुटते म्हणून रक्त फार जात नाही. मग तिथे पिशवीत नवी वाढत राहते आणि कात टाकली की उलगडते. पहिल्यांदा बारकी, पुढच्या एकदोन कातींत मापाला येते. तुमच्या आजीसाठी हाच पुरावा चांगला आहे बघा. पिल्लू असतं तर आईची मोडलेली नांगी नेमकी त्याच बाजूला त्याला बारकी कशाला आली असती?

मला विचाराल तर आजींची समजूत अशीच कुठूनतरी आली असावी. ओढ्याकाठी पाठ फाटलेलं रिकामं कवच, शेजारी पोटाखाली पिल्लं घेऊन फिरणारी खेकडी, माणूस दोन आणि दोन पाच करणारच.

कोयनाकाठचा

ताई लय भारी!! उचलून बघितलं, खरंच कागदासारखं हलकं, डोळ्याच्या जागी काचेसारखे दोन टोपण. नांगीचा पॉइंट आजीला सांगितला तर गप्प बसली थोडा वेळ आणि म्हणाली "मग पिल्लं येतात कुठनं?" 😄 आता हे पण सांगा.

मासेवाली_ताई

सांगते. मादीच्या पोटाखालची पट्टी रुंद असते, नराची अरुंद निमुळती, नर-मादी त्यावरनंच ओळखायचे. मादी अंडी बाहेर टाकते पण सोडून देत नाही, त्या पट्टीखालच्या केसाळ पायांना चिकटवून घेते आणि घेऊन फिरते. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची अंडी मोठी आणि मोजकी, अंड्यातच पिल्लाची सगळी वाढ होते आणि फुटल्यावर थेट बारका खेकडाच बाहेर, तेच तुम्ही बघितलं. मग काही दिवस आईच्याच झाकणाखाली राहतात. आई फुटत नाही, मरत पण नाही, पिल्लं पांगली की तिचं तिचं आयुष्य चालू, नंतर ती पण कात टाकते.

समुद्राचं गणित उलटं. तिकडच्या चिंबोऱ्या लाखांनी अंडी देतात, आणि त्यातनं निघतो तो खेकडा दिसतच नाही, डोक्यावर काटा असलेला पाण्यात तरंगणारा किडा, मग अजून एक रूप शेपटीवालं, मग कुठे खेकडा. आणि कोकणातला शेवंड तर विचारूच नका. त्याची अळी म्हणजे काचेचं पान, पारदर्शक आणि चपटी, कित्येक महिने भर समुद्रात तरंगते. मग रूप बदलून किनाऱ्याकडे पोहत येते आणि त्या प्रवासात काही खात नाही, आधी साठवलेल्या चरबीवर येते. लाखातली किती पोहोचत असतील देव जाणे. आपल्या ओढ्यात असली तरंगणारी पिल्लं टाकली असती तर पहिल्या पुरात कृष्णेतनं थेट आंध्रात गेली असती, त्यामुळे आईने पदराखाली घेऊनच वाढवलेली बरी.

लॉबस्टर_लव्हर (सातारा)

ताई शेवंड म्हणजेच लॉबस्टर ना? मी वाचलंय की लॉबस्टर म्हातारा होत नाही, कधी मरतच नाही, अमर आहे म्हणे.

मासेवाली_ताई

शेवंडाला मोठ्या नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. हॉटेलच्या फोटोत ज्याला दोन राक्षसी नांग्या दिसतात तो अटलांटिकचा, वेगळ्या कुळातला, आपल्या किनाऱ्याला मिळत नाही. अमर वगैरे काही नाही. एवढं खरं की मोठा झाला तरी वाढत राहतो आणि मोठी मादी लहानीपेक्षा जास्त अंडी देते, म्हातारपण आपल्यासारखं दिसत नाही. पण जितका मोठा तितकी कात टाकायला ताकद जास्त लागते, काही तर कात टाकतानाच दमून मरतात, आणि कात टाकायची थांबली की जुनं कवच झिजतं, जखमा होतात, रोग शिरतो.

त्या अटलांटिकवाल्याचं अजून एक, मादी कात टाकून मऊ असते तेव्हाच सहसा मिलन होतं, त्या काळात नर तिला आपल्या बिळात राखतो. आणि एकमेकांशी ओळख मूत्रातनं, ते डोळ्याखालच्या भोकातनं समोरच्याच्या तोंडावर सोडतात. हे आजीला वाचून दाखवू नका.

कोयनाकाठचा

उशीर झाला ताई, वाचून झालं 🤦 आजी म्हणती "मेल्यांना लाज न्हाय."

द्राक्षबाग (तासगाव)

मी पण लिहितो, जरा विषय सोडून आहे. आमच्या ओढ्याला लहानपणी दगड उचलला की खेकडा, आता दिवसभर फिरलं तरी घावत न्हाई. लोक म्हणतात खाऊन संपवली. मला तसं पूर्ण पटत न्हाई, ओढा आता बाराही महिने वाहत न्हाई हे एक, वाळू उपसली हे दुसरं, आणि आमचीच फवारणी. बोर्डो मारतो आम्ही, म्हणजे मोरचूद आणि चुना, ते पावसात वाहून कुठं जातं? माझ्या भाच्याने ॲक्वेरियममध्ये माशांना बुरशीचं औषध टाकलं, मासे राहिले आणि झिंगे सगळे आडवे. दुकानदार म्हणला औषधात तांबं होतं. तेव्हापासनं डोक्यात किडा आहे. ताई खरंय का हे?

मासेवाली_ताई

काका, तांबं पाण्यात विरघळलेलं असेल तर कोळंबी झिंगे खेकडे यांना माशांपेक्षा लवकर बाधतं, हे खरं. गंमत अशी की त्यांचं रक्तच तांब्यावर चालतं. आपल्या रक्तात लोह म्हणून लाल, त्यांच्यात तांबं म्हणून निळसर. गरजेपुरतं हवं, जास्त झालं की कल्ल्यांवर घाव. तुमच्या ओढ्याचं पाणी तपासल्याशिवाय बोट नाही दाखवणार, पण फवारणीचे पंप ओढ्यात धुऊ नका एवढं तर सांगू शकतेच. आणि कीटकनाशकांचं तर उघडच आहे, खेकडा आणि किडा लांबचे भाऊबंद, दोघेही कात टाकणारे, जे किड्याला मारतं ते खेकड्याला सोडेल असं नाही.

भडंग_मिरची (सांगली)

ते बांध फोडणाऱ्या खेकड्यांचं पण सांगा की कुणीतरी. २०१९ ला चिपळूणकडं तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं होतं, आठवतंय का? माणसं गेली त्यात, हसायचा विषय न्हाई, पण खेकड्यावर केस टाकायचं तेवढं राहिलं होतं.

त्याच ऑगस्टला आमच्याकडं महापूर, पहिल्या मजल्याच्या जिन्यात पाणी आणि तिसऱ्या पायरीवर एक खेकडा बसलेला, आमच्याकडंच बघत होता. आई म्हणाली त्याचंही घर बुडालंय, राहू दे.

मासेवाली_ताई

खेकडा बांधात बीळ करतो हे खरं, भाताच्या खाचरात शेतकरी वैतागतात. बीळ ओलाव्यापर्यंत नेतो कारण श्वास कल्ल्यांनी घेतो, कल्ले ओले पाहिजेत, ओले असले की जमिनीवर पण तासन् तास जगतो. म्हणून उन्हाळाभर बिळात दडी आणि पहिल्या पावसाला सगळे बाहेर, आणि मागे तुमच्यासारखे बॅटरीवाले 🙂 पण धरण बांधणाऱ्याला खेकडे आहेत हे आधीपासनं माहीत असतंच की.

आणि सह्याद्रीत खेकडे म्हणजे एकच जात नाही. २०१६ ला एकदम पाच नव्या जातींची नोंद झाली, रंग बघाल तर जांभळे काय, केशरी काय. दादा, म्हणून ओढ्यातलं सगळं उचलून आणू नका, निदान पहिल्या पावसात पोटाखाली अंडी-पिल्लं दिसली तर तिथल्या तिथे सोडा.

बादलीचं: पाणी पाठ बुडेल न बुडेल एवढंच, खोल नको, बसायला एक दगड, क्लोरीनचं नळाचं पाणी नको. कात त्याच्याजवळच ठेवा, तो ती खातो, त्यातला चुना कवचाला लागतो. काही दिवस कडक होईपर्यंत दुसरा खेकडा जवळ नको, मऊ भाऊ दिसला की खाऊन टाकतात. आणि मग तो पण जिथनं आणला तिथेच.

कोयनाकाठचा

लेकुरवाळीला काल संध्याकाळी त्याच डोहाजवळ सोडली, पोरगी आणि आजी दोघी आल्या होत्या. पिल्लं काही बादलीतच सुटली होती ती वाटीनं काढून घातली, मोजली तर नव्वदच्या वर, पुढं पोरगी चुकली. दुसरा अजून मऊ आहे. आता अडचण अशी की कातीतला अर्धा भाग पोरीनं कंपासपेटीत लपवलाय शाळेत दाखवायला, आणि पेटीला मुंग्या लागल्यात.

भडंग_मिरची (सांगली)

आणि बाकीच्या तेरांचं काय झालं ते कुणीच विचारंना. रस्सा झाला का?

कोयनाकाठचा

झाला. आजीनं दोनदा घेतला.