गॅसची बटणं पुढं हवीत की वर? (भाकरीचा तवा मोठा आहे)

जुळेसोलापूरकरीण:
ओटा नवा करतोय. जुना कडप्पा काढून ग्रॅनाईट टाकायचं ठरलंय, त्यासोबत गॅसही नवा. त्यावरून घरात दोन तट पडलेत. नवऱ्याला ओट्यात बसवलेला काचेचा हॉब हवाय, चार बर्नरचा, बटणं वर काचेवरच, उजव्या अंगाला. सासूबाईंना आहे तशीच शेगडी हवीय, पुढच्या पट्टीवर बटणं असलेली. स्वयंपाक आम्ही दोघी करतो, तेव्हा बोलायचा हक्क आमचाच असं माझं मत. पण हप्ते तो भरणार.

घरची परिस्थिती सांगते, नाहीतर "कुठलाही घ्या, सगळे चांगलेच" असं उत्तर येईल.

मुलगी अडीच वर्षांची. ओटा ३४ इंच, तिचं नाक बरोबर कडेला लागतं. फिरवण्यासारखं काही दिसलं की फिरवायचं, हा तिचा उद्योग. कूलरचं झालं, मिक्सरचं झालं. गॅसचं बटण दाबून फिरवावं लागतं, ते अजून जमत नाही. पण जमेलच की.

सासूबाई सत्तरीच्या. रोज ज्वारीच्या भाकरी, आणि पुण्याला नणंदेकडं कुणी निघालं की कडक भाकरीची चळत. ती मंद आचेवर दाबून दाबून वाळवायची असते, म्हणजे तासन्‌तास बर्नर सिमवर. तवा लोखंडी, चांगला रुंद. तो मी पिशवीत घालून नवी पेठेतल्या दुकानात नेला आणि मांडलेल्या हॉबवर ठेवून बघितला. सेल्समन आधी हसला. मग तव्याची कड थेट बटणांवर आलेली बघून म्हणाला, "मॅडम, डावीकडच्या बर्नरवर ठेवायचा की." सासूबाईंची परात डावीकडं, तवा उजवीकडं. हे लग्नाआधीपासून ठरलेलं आहे, आता हॉबसाठी बदलणार नाही.

शिवाय एप्रिल-मे मध्ये स्वयंपाकघरात पंखा लावल्याशिवाय उभं राहवत नाही, आणि सिमवरची ज्योत पंख्यानं विझते. सोलापुरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर बटणं कुठं असावीत? वापरलेलं असेल तरच सांगा, जाहिरातीत मीही बघितलंय.

शेगडी रिपेअर, अशोक चौक:
ताई, दोन्ही प्रकार रोज उघडून बसलेलो असतोय, म्हणून सांगतो.

वरच्या बटणाचा खरा शत्रू दूध. उतू गेलं की काचेवरून पसरत जातंय आणि नॉबच्या दांड्याभोवती आत शिरतंय. वाळलं की कॉक जाम. मग बायका जोर लावतात, नॉब तुटतंय. तव्याची धग बसून वितळलेले नॉब तर माझ्याकडं डबाभर आहेत. पुढच्या पट्टीला एवढा त्रास नाही, पिठाचा हात लागून चिकट होतंय तेवढंच. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

पोरीचं म्हणाल तर बटण कुठं आहे त्याच्या आधी ते कसं फिरतंय बघा. दाबल्याशिवाय फिरायलं की समजा आतली स्प्रिंग गेली, कॉक बदलून घ्या. जुन्या शेगडीत हे हमखास होतंय आणि घरातल्यांना कळत नाही, उलट म्हणतात, "बटण आता मऊ झालंय, छान फिरतंय!"

आणखी एक. आपल्याकडं बंदवरून डावीकडं फिरवलं की आधी मोठी ज्योत, त्याच्या पुढं सिम. म्हणजे सिमवरून बंद करताना परत मोठ्या ज्योतीवरून यावं लागतंय. म्हाताऱ्या माणसाचा हात मधेच थांबला की तवा पेटत्या गॅसवर राहतोय. सासूबाईंना बटण वाकून न बघता दिसलं पाहिजे.

विजापूर रोडची सून:
मी आधी उजव्या बाजूच्या बटणांचा हॉब वापरला, आता पुढच्या बटणांची शेगडी. पुढचीच बरी. उजव्या बर्नरवर कुकर असला की वाफेतून हात घालून बटण शोधायचं, त्यात कढईचा कान मधे.

पुढच्याचा तोटा पण सांगते. भांडं उतरवायला वाकलं की पोट बटणाला टेकतं, पदर अडकतो. म्हणून शेगडी कडेला लावायची नाही, हातभर नाही तरी वीतभर आत सरकवायची. पोरांचा हातही तिथं पटकन पोचत नाही. ग्रॅनाईट बसवायच्या आधीच ओट्याची खोली मोजून घ्या, नंतर मागं भिंत येते.

मुलगा लहान होता तेव्हा स्वयंपाक झाला की मी नॉब उपसून डब्यात ठेवायचे.

शेगडी रिपेअर, अशोक चौक:
रोज उपसू नका ओ ताई. नॉबचं भोक सैल होतंय, मग दांडा एकीकडं आणि खूण एकीकडं. बंद दिसतंय पण बंद नसतंय. त्यापेक्षा खालून रेग्युलेटर बंद करा.

पुण्यात अडकलेला सोलापूरकर:
नणंदेच्या कडक भाकरीतला एखादा वाटा इकडंही पाठवा.

मी डिझाइन शिकवतो. हा प्रश्न आमच्या विषयात फार जुना आहे. १९५९ मध्ये चपॅनिस आणि लिंडनबॉम या दोघांनी चार बर्नर आणि एका रांगेतली चार बटणं घेऊन लोकांना "हा बर्नर पेटला, बटण दाबा" असं करायला लावलं. बर्नर चौकोनात, एकामागे एक असले की माणसं गोंधळतात, मागचं कुठलं आणि पुढचं कुठलं. मागचे बर्नर जरा बाजूला सरकवून प्रत्येक बटणाच्या सरळ रेषेत आणले, तेव्हा एकही चूक झाली नाही. इतकं सोपं असूनही चार बर्नरचे चौकोनी हॉब अजून विकले जातातच. काचेवरच्या त्या बारीक ठिपक्यांच्या चित्रावर माझा विश्वास नाही. फोडणी जळायला लागल्यावर चित्र कोण वाचतं?

अमेरिकेत कित्येक शेगड्यांची बटणं मागच्या उभ्या पट्टीवर असतात. मुलांचा हात पोचत नाही, पण मोठ्यांना पेटत्या बर्नरवरून हात न्यावा लागतो. अपंगांसाठीच्या तिथल्या नियमात तर बर्नर ओलांडून हात न्यावा लागू नये असं स्पष्ट आहे. उलट २०२४ मध्ये तिथंच एका मोठ्या कंपनीनं पुढच्या बटणांच्या ११ लाखांहून जास्त इलेक्ट्रिक शेगड्यांबाबत परतीची सूचना काढली, कारण माणसांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या धक्क्यानं बटणं चालू होत होती. म्हणजे निर्दोष जागा कुठलीच नाही. तुमच्याकडं मूल आहे, तसंच तव्याशी तासभर उभी राहणारी म्हातारी बाईही आहे. मी तिच्या बाजूनं जाईन, मुलीसाठी दुसरी सोय करता येते.

पंख्यासाठी मात्र ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय बघा. बर्नरजवळ एक बारीक काडी असते, ती थंड झाली की झडप मिटते.

जुळेसोलापूरकरीण:
सगळ्यांचे आभार. ती काडीवाली सोय दुकानात विचारली. हॉबमध्ये मिळते, आम्हाला परवडणाऱ्या साध्या शेगडीत मिळाली नाही. नवऱ्यानं लगेच तोच मुद्दा धरला. मी म्हटलं, पंखाच हलवू. वायरिंग तसंही उघडणार आहे, तर तो दाराच्या बाजूला घेते, म्हणजे वारा पाठीवर येईल, ज्योतीवर नाही.

तर शेगडीच. तीन बर्नरची, बटणं पुढं, प्रत्येक बटण आपापल्या बर्नरसमोर. ओटा २ इंच खोल करून शेगडी आत सरकवणार. सासूबाईंनी दुकानात जाऊन डोळे मिटून मधलं बटण लावून दाखवलं, सेल्समन या वेळी हसला नाही.

एकच राहिलं. सुतार म्हणतोय सिलेंडर ओढायच्या ट्रॉलीत बसवू, पुढं ड्रॉवरसारखं दार, आतलं काही दिसणार नाही. चालेल का?

शेगडी रिपेअर, अशोक चौक:
नको. ट्रॉली आतबाहेर होताना नळी पिळते, आणि रेग्युलेटर पार मागं जातंय. साधं कब्जाचं दार करा, खाली जाळी ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाला साचतोय. दार उघडल्याबरोबर हात रेग्युलेटरवर पडला पाहिजे, सासूबाईंचाही. आणि पोरीसाठी दाराला वरच्या बाजूला कडी. नळी मात्र नवीच टाका, आयएसआय शिक्का बघून, ५ वर्षांनी बदलायची ती. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करू नका, खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ लावा.

जुळेसोलापूरकरीण:
सुताराला कळवलं. ट्रॉलीचे पैसे वाचले म्हणून नवरा खूश आहे.