१६ केचा स्पेक्ट्रम ४८ के करताना

सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाची मेमरी १६ केची (किलोबाइटची) ४८ के करायला त्यात सरसकट ४१६४ या मेमरी चिपा बसवा, असं कुणीतरी सुचवलंय. थांबा! वाढीव, म्हणजे वरच्या ३२ केसाठीच्या आठ रिकाम्या सॉकेटांत त्या खुशाल बसवा, तिथे फक्त ५ व्होल्ट येतात. पण खालच्या १६ केच्या जागी मूळ ४११६ चिपा असतात आणि त्यांना १२, ५ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. तिथल्या ८ नंबरच्या पिनेवर १२ व्होल्ट असतात. ४१६४ला त्याच पिनेवर ५ हवेत. म्हणजे चिप गेलीच.

सिंक्लेअरची काटकसर मात्र मानली पाहिजे. वरच्या ३२ केला ते अर्धा भाग खराब निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिपा वापरायचे. कुठला अर्धा धड आहे, ते बोर्डावरची तारेची लिंक ठरवते. ४१६४ पूर्ण धड असल्याने लिंक कुठल्याही बाजूला चालते, पण ती जोडावी मात्र लागतेच. शिवाय चार छोट्या लॉजिक चिपाही लागतील.

झाल्यावर संगणकावर PRINT PEEK 23732+256*PEEK 23733 टाका, म्हणजे मेमरीचा शेवटचा पत्ता दिसेल. ६५५३५ आलं तर जमलं. ३२७६७ आलं तर आधी लिंक आणि त्या लॉजिक चिपा तपासा.