फुटबॉल विश्वचषकाची गाणी: सामन्याआधी चौकात कोणती लावावीत?

मंगळवारपेठ_दहा_नंबर

मंडळी, आमच्या तालमीच्या चौकात दर विश्वचषकाला पडदा लागतो. कोल्हापूरचं वेगळं सांगायला नको: एका गल्लीत ब्राझीलचे झेंडे, शेजारच्या गल्लीत अर्जेंटिनाचे. सामना मध्यरात्रीचा असला तरी पोरं जेवणं उरकून लगेच जमतात आणि तोवर कुणाच्या तरी मोबाइलमधलं मिळेल ते स्पीकरवर वाजत राहतं. या खेपेला तिथं फक्त विश्वचषकाची आणि युरोची (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची) गाणी वाजवायची, असं मी ठरवलंय. प्रत्येक गाण्याआधी माइकवर दोन वाक्यं त्याची माहितीही सांगणार आहे.

माझी सुरुवात १९९८ च्या फ्रान्सपासून. रिकी मार्टिनचं 'ला कोपा दे ला विदा' आजही कुठं वाजलं की अंगात येतं. ते ढोल, ते ट्रम्पेट, 'आले आले आले'. त्यानंतर माझ्या डोक्यात थेट २०१० चं शकीराचं 'वाका वाका'. २०१४ चं पिटबुल आणि जेनिफर लोपेझचं ऐकलं की ओळखतो, पण आपणहून ओठांवर येत नाही. २०१८ चं तर आठवावं लागतं.

तर १९९८ च्या आधी काय होतं? आणि काही गाणी राहतात, काही चार वर्षं सोडा, चार महिनेही टिकत नाहीत, हे का? नुसती यादी देऊ नका, कारण सांगा.

उशिरापर्यंत_जागा

१९९० च्या इटलीतल्या विश्वचषकाचं 'उनेस्ताते इतालियाना' पहिलं लाव, आणि पूर्ण लाव. मध्येच कापू नकोस.

संगीत जॉर्जो मोरोडरचं. डोना समरचं 'आय फील लव्ह' ज्यानं केलं, तोच हा. गाण्याचं इंग्रजी रूपही आहे, 'टू बी नंबर वन'. ते एकदा ऐक आणि बाजूला ठेव, कारण त्यात नावाप्रमाणं पहिलं येण्याचाच घोष आहे. इटालियन बोल गाणाऱ्या दोघांनी स्वतः लिहिले: सिएनाची जान्ना नान्नीनी आणि नेपल्सचा एदोआर्दो बेनातो. एखाद्या गाण्यानं खेळाचे नियम काही बदलणार नाहीत, अशी कबुली देऊनच ते सुरू होतं. पुढं झेंड्यांवरून फिरणारा वारा, लहानपणी पडलेलं आणि माणसाला दूरवर नेणारं स्वप्न, ड्रेसिंग रूममधून बाहेर येणारी पोरं, आणि ती पोरं म्हणजे आपणच. नान्नीनीचा आवाज खरखरीत आहे, घसा बसेपर्यंत ओरडून झाल्यावरचा वाटावा असा. गोड गळ्याच्या गायिकेनं हेच म्हटलं असतं तर गाणं इतकं खोल गेलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आता त्या स्पर्धेत काय झालं ते बघ. ८ जूनला मिलानच्या सान सिरोवर उद्घाटनात दोघांनी ते गायलं आणि लगेच पहिल्याच सामन्यात कॅमेरूननं गतविजेत्या अर्जेंटिनाला १-० नं हरवलं. इटलीच्या संघात पालेर्मोचा साल्वातोरे स्किलाची होता. ऑस्ट्रियाविरुद्ध बदली म्हणून आला, हेडरनं गोल केला आणि मग थांबलाच नाही. सहा गोल, गोल्डन बूट. गोल झाल्यावरचे त्याचे ते विस्फारलेले डोळे! आमच्याकडं दूरदर्शनवर सामने रात्री साडेबाराला सुरू व्हायचे. घरात आवाज बारीक ठेवायची सक्ती होती, तरी ते डोळे बघून मी ओरडलोच.

उपांत्य सामना पडला नेपल्सला, अर्जेंटिनाशी, आणि मॅराडोना तर नापोली क्लबचा देव. त्यानं नेपल्सच्या लोकांना उघड साद घातली की वर्षभर उत्तरेकडचे लोक तुम्हाला हिणवतात आणि आज इटलीला पाठिंबा मागतात. स्किलाचीनं गोल केला. तोवर स्पर्धेत एकही गोल न खाल्लेल्या इटलीच्या गोलरक्षकाला, झेंगाला, चुकवून अर्जेंटिनाच्या कनिजियानं हेडर मारला. १-१. मग पेनल्टी, अर्जेंटिनाचा गोलरक्षक गोयकोचेआनं दोन अडवल्या, आणि इटली आपल्याच देशात बाहेर. कप पश्चिम जर्मनीनं नेला, अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला १-० नं हरवून.

माझ्या मते गाणं टिकलं ते याच हरण्यामुळं. जिंकले असते तर ते विजयाचं गाणं झालं असतं आणि विजय जुना होतो. स्वप्नाबद्दल लिहिलेलं गाणं स्वप्न मोडल्यावरही म्हणता आलं. २०२१ मध्ये युरो जिंकण्याच्या वाटेवर इटलीचे खेळाडू बसमध्ये हेच गात होते. त्यांतले कितीतरी १९९० ला जन्मलेही नव्हते.

१९९० चंच दुसरं म्हणजे ऑपेरा गायक पाव्हारोत्तीचं 'नेस्सुन दोर्मा'. पुच्चिनीच्या 'तुरान्दोत' ऑपेरातलं, स्पर्धेसाठी लिहिलेलं नव्हेच. बीबीसीनं ते आपल्या प्रक्षेपणाची धून म्हणून घेतलं आणि इंग्लंडमध्ये ऑपेराचं तोंड न पाहिलेली माणसं ते म्हणू लागली. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, ७ जुलैला, रोममधल्या काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास एकत्र गायले. वाद्यवृंदाचं संचालन करत होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबीन मेहता. हे माइकवर जरूर सांग.

ताशा_आणि_सॅम्बा

वरच्या दादांशी इटलीबद्दल सहमत, पण 'वाका वाका'ला कमी लेखू नका. मी तालवाद्यं वाजवते, म्हणून त्याच्या मुळाबद्दल लिहिते.

'त्सामिना मिना' हा जो गजर आपण सगळे म्हणतो, तो शकीराचा नाही. तो कॅमेरूनचा. १९८६ मध्ये तिथल्या 'गोल्डन साउंड्स' या गटानं 'झांगालेवा' हे गाणं केलं. गटातली मंडळी राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षक दलातली. फौजी कपड्यांत पोट आणि ढुंगण फुगवून ते नाचायचे, आणि ओळी होत्या सैनिकांच्या तोंडी चालत आलेल्या, कूच करताना म्हणायच्या. ते गाणं आफ्रिकाभर शाळांत, छावण्यांत पसरलं आणि समुद्र ओलांडून कॅरिबियनकडंही गेलं. 'लास चिकास देल कान' या डोमिनिकन मुलींच्या गटानं त्याचंच एक रूप गाजवलं. शकीरा कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बारांकियाची. म्हणजे गजर तिच्या अंगणात आधीच पोचलेला होता. जुन्या गटाशी नंतर पैशांचा समझोता झाला.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा नाराजी होती, आणि ती मला रास्त वाटते: आफ्रिकेतला पहिला विश्वचषक आणि गाणं कोलंबियन गायिकेला? केपटाउनचा 'फ्रेशलीग्राउंड' हा गट त्यात होता म्हणून बरं. झोलानी माहोलाचा आवाज येतो तो भाग नीट ऐका, गाणं तिथं जमिनीवर येतं. आणि ती गिटार! मध्य आफ्रिकेतल्या गिटारीसारखी, एकच छोटी लकेर पुन्हा पुन्हा, पण हलगीवाला ठेक्यात मध्येच काडी घालतो तशी. म्हणूनच पाय थांबत नाहीत.

त्याच वर्षीचं केनानचं 'वेव्हिन फ्लॅग' दोन्ही रूपांत मिळवा. केनान सोमालियातल्या मोगादिशूचा, पुढं कॅनडात वाढला. मूळ गाण्यात युद्ध आहे, उपाशी माणसं आहेत. कोका-कोलाच्या जाहिरातीसाठी केलेल्या रूपात ती कडवी गेली आणि नुसता जल्लोष उरला. चौकात जल्लोषाचं लावा, पण घरी मूळ ऐका.

फातोर्डा_पूर्व_स्टँड

मडगावहून लिहितोय. मला वाटतं अधिकृत गाण्यांच्या मागं लागूच नका. लोक आपलं गाणं आपण निवडतात.

२०१७ ला सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडं झाला, नवी मुंबईत आणि आमच्या फातोर्ड्यावरही. प्रीतमचं 'कर के दिखला दे गोल' सगळीकडं वाजत होतं. इराणनं जर्मनीला ४-० नं लोळवलं त्या दिवशी मी स्टँडमध्ये होतो. आमच्या बाजूला लोक गात होते ते काही वेगळंच, क्लबच्या सामन्यांत गातात तेच.

'सेव्हन नेशन आर्मी' घ्या. २००३ चं रॉक गाणं, फुटबॉलशी काडीचा संबंध नाही. बेल्जियमच्या क्लब ब्रुगेच्या पाठीराख्यांनी त्याची गिटारची धून उचलली, त्यांच्याकडून इटलीतल्या रोमा क्लबच्या लोकांनी ऐकली आणि २००६ ला इटली जिंकली तेव्हा अख्खा देश 'पो पो पो' करत होता. त्या वर्षीचं अधिकृत गाणं 'इल दिवो' आणि टोनी ब्रॅक्स्टनचं होतं. आठवतं कुणाला?

२०२२ मध्येही तेच. फिफानं एका गाण्याऐवजी गाण्यांचा अख्खा संचच काढला. 'हय्या हय्या' झालं, जंगकूकचं 'ड्रीमर्स' झालं, नोरा फतेहीचं 'लाइट द स्काय' झालं. लक्ष विखुरलं. अर्जेंटिनावाले मात्र 'मुचाचोस' गात होते. चाल 'ला मोस्का' या बँडच्या जुन्या गाण्याची, नवे शब्द एका साध्या चाहत्यानं लिहिलेले, मॅराडोना आणि माल्विनास (फॉकलंड) युद्धात गेलेली पोरं त्यात आहेत. नंतर बँडनंच ते नव्या शब्दांत ध्वनिमुद्रित केलं. अर्जेंटिनाच्या गल्लीत हे लावलं नाहीस तर तुझं काही खरं नाही.

मंगळवारपेठ_दहा_नंबर

दादा, ताई, फातोर्डाकर, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. 'मुचाचोस' आणि 'झांगालेवा' आत्ताच उतरवून घेतलं. 'झांगालेवा' तर दोनदा ऐकून झालं, मूळच जास्त आवडलं.

एक शंका राहिली. 'नेस्सुन दोर्मा' ऐकलं, सुंदर आहे, पण शांत सुरू होतं. चौकात पाचशे पोरं असताना ते चालेल का?

उशिरापर्यंत_जागा

चालेल, पण वेळ साध. संघ मैदानात यायच्या तीन-साडेतीन मिनिटं आधी लाव आणि त्याआधी स्पीकर अर्धा मिनिट पूर्ण बंद ठेव. गलका आपोआप कमी होतो. पाव्हारोत्ती शेवटी 'विंचेरो' (मी जिंकेन) म्हणत वर चढतो आणि तो सूर धरून ठेवतो, तोवर आवाज हळूहळू वाढव. १९९४ च्या लॉस एंजेलिसच्या मैफलीचं नको, १९९० चं रोमचंच घे. आणि ते संपलं की दुसरं गाणं लावू नकोस, थेट हलगी सुरू करायला सांग.