हुकूमशहांनी देशाचे प्रश्न खरंच किती सोडवले? आकडे आणि पद्धत पाहिजे

पऱ्हाटी_दिग्रस

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी दर रविवारी एक विषय घेतात. या खेपेचा विषय : एकहाती सत्तेनं देशाचे राजकीय-आर्थिक प्रश्न किती सुटले? कापसाचा भाव पडला, पीकविमा अडकला की पारावर "याले डंडेवालाच पायजे" हे ऐकू येतंच, म्हणून मुद्दाम हा विषय घेतला. भाषणं नकोत. दक्षिण कोरियाच्या पार्क चुंग-हीनं नेमकं काय केलं आणि ज्या देशात बिघडलं तिथं कोणत्या पायरीवर बिघडलं, ते सांगा. शिवाय "हिटलरनं बेकारी संपवली" आणि "आणीबाणीत महागाई उतरली" ही दोन वाक्यं हमखास येणार. त्यांना काय उत्तर द्यायचं?

मास्तर_वणी

पार्कपासूनच सुरू करा भाऊ. काम झालं असं मान्य करावं लागेल असं ते उदाहरण आहे. ते टाळलं तर पोरं पुढचं काही ऐकणार नाहीत.

१६ मे १९६१ ला लष्करी बंड करून तो आला आणि व्यापारी बँका सरकारच्या मुठीत घेतल्या. मग कारखानदारांना एकच हिशेब : ठरलेली निर्यात करा, स्वस्त कर्ज घ्या, चुकलात तर कर्ज बंद. इथली खुबी पोरांना नीट समजावून सांगा. निर्यातीचा आकडा फुगवता येत नाही, कारण डॉलर परदेशी गिऱ्हाईक मोजतो. दर महिन्याच्या आढावा बैठकीला पार्क स्वतः बसे. १९६४ मध्ये १० कोटी डॉलरची निर्यात होती, ती १९७७ मध्ये १,००० कोटींवर गेली. भांडवलाचा मोठा भाग बाहेरून आला : अमेरिकेची मदत, आणि १९६५ च्या करारानंतर जपानकडून ३० कोटी डॉलर अनुदान व २० कोटी कर्ज.

खेड्यांकडे तो उशिरा वळला. १९७० पासूनच्या सेमाउल मोहिमेत ३३ हजारांवर गावांना सरसकट ३३५-३३५ पोती सिमेंट दिलं. अट एकच : वाटून घ्यायचं नाही, सामाईक कामालाच लावायचं. रस्ता, पूल की विहीर, ते गावानं ठरवायचं. पुढच्या फेरीत ज्यांनी काम करून दाखवलं त्या साधारण निम्म्या गावांनाच ५०० पोती आणि १ टन सळई मिळाली. बाकीच्यांना त्या फेरीत काहीच नाही.

पण हे सिमेंट कुणाच्या गावात पडलं ते पाहा. १९५० च्या जमीन कायद्यानं तिथं ३ हेक्टरची, म्हणजे साधारण साडेसात एकरांची कमाल मर्यादा आधीच लागली होती. कुळानं वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत पाच वर्षांत फेडायची आणि मालक व्हायचं. हे काम पार्कच्या आधीचं, पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्या काळातलं. जमिनीचा धनी झालेला माणूस बांधापलीकडच्या रस्त्यासाठी अंगमेहनत करतो. हा मुद्दा सोडून कोरियाचं कौतुक करणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं.

बिघडलं ते भाताच्या वाणात. 'तोंगिल' हा जास्त उताऱ्याचा वाण सरकारनं अधिकाऱ्यांना लक्ष्य देऊन पेरायला लावला. १९७७ पर्यंत तांदळात स्वयंपूर्णता आली, हे खरं. पण या वाणाला थंडी सोसत नव्हती. सगळीकडे त्याच रक्ताचे वाण, मग रोग आला की सरसकट येणार. १९७८ मध्ये करपा पडला, १९८० चा उन्हाळा थंड गेला आणि पीक कोसळलं.

राजकीय प्रश्न तर त्यानं सोडवलाच नाही, बंद करून ठेवला. १९७२ च्या 'युशिन' राज्यघटनेनं त्याला सत्तेवरून शांतपणे उतरवायचा मार्गच उरला नाही. २६ ऑक्टोबर १९७९ ला त्याच्याच गुप्तचर प्रमुखानं त्याला गोळी घातली, डिसेंबरात पुन्हा बंड झालं आणि मे १९८० मध्ये ग्वांगजूत लष्करानं नागरिक मारले.

कास्तकार_ताई_आर्वी

सर, निर्यातीचा आकडा फुगवता येत नाही हे तुम्ही म्हणालात, त्याची उलटी बाजू चीन आहे. धान्याचा आकडा फुगवता येतो.

१९५८ मध्ये माओच्या 'मोठ्या झेपे'त गावं कम्युनमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या मोठ्या गटांत, कोंबली. दाट लावणी आणि खोल नांगरटीचे हुकूम निघाले. दाट लावलेलं पीक हवा-उजेडाविना सडलं. ऐन कापणीत कोट्यवधी माणसं गावभट्ट्यांत लोखंड वितळवायला नेली, पीक शेतातच राहिलं. तरीही कमी आकडा कळवणारा कार्यकर्ता 'उजवा', म्हणजे क्रांतीचा विरोधक, ठरे, म्हणून प्रत्येक पायरीवर आकडा वाढत गेला. ३७.५ कोटी टन पिकलं अशी घोषणा झाली. खरं पीक २० कोटींच्या आसपास होतं.

आता लेव्ही. ज्वारीची लेव्ही आठवणारी जुनी माणसं हे लगेच समजतील. सरकारी उचल फुगलेल्या आकड्यावर बसली. १९५९ मध्ये पीक १७ कोटी टनांवर आलं तरी त्यातलं जवळपास ४० टक्के उचललं गेलं, ४० लाख टनांहून जास्त निर्यातही झालं. बियाण्याचं आणि खाण्याचं धान्य त्यातच गेलं. गाव सोडावं तर नोंदणीच्या नियमांमुळे शहरात थारा नाही. त्याच वर्षी जुलैत लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओला पत्र लिहून वस्तुस्थिती कळवली. त्यांचंच पद गेलं, आणि त्यानंतर खालून खरं सांगायला कोण धजणार? मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

याच्या शेजारी आपला १९७२ चा दुष्काळ मांडा. त्यातही माणसांचे हाल झाले, पण मोर्चे निघत होते, पेपरात छापून येत होतं, विधानसभेत प्रश्न येत होते. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. रोजगार हमी त्यातूनच उभी राहिली.

पऱ्हाटी_दिग्रस

ताई, लुशानची पायरी फार कामाची आहे, फळ्यावर तीच आधी मांडतो. हिटलर आणि आणीबाणीचं सांगा कुणीतरी.

वर्धाकाठ

जर्मनी. जानेवारी १९३३ मध्ये ६० लाख बेकार होते, १९३७ मध्ये ते दहा लाखांखाली आले. आकडा खरा, तो कसा उतरला ते विचारा. सार्वजनिक कामांची सुरुवात आधीच्या सरकारांनीच केली होती. लग्नासाठी १,००० मार्कांपर्यंत कर्ज मिळे, पण बाईनं नोकरी सोडायची. ज्यूंना कामावरून हाकललं आणि ते मोजणीतही धरले नाहीत. १९३५ पासून सक्तीची लष्करभरती. पैसा 'मेफो' हुंड्यांतून आला : नावापुरती एक कंपनी, तिच्या नावे शस्त्रकारखान्यांना हुंड्या, मागे सरकारी बँकेची हमी, आणि अंदाजपत्रकात नोंद नाही. अशा सुमारे १,२०० कोटी मार्कांच्या हुंड्या निघाल्या. त्या फेडायची वेळ आली तेव्हा बँकेचा प्रमुख शाख्त खर्च आवरा म्हणू लागला. जानेवारी १९३९ मध्ये त्याला काढलं. कामगार संघटना २ मे १९३३ लाच मोडल्या होत्या, म्हणजे मजुरी मागायची सोय नव्हती.

आणीबाणी. तारखा क्रमानं लिहा. महागाईचा कळस १९७४ मधला. वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीनं ठेव म्हणून कापायचा वटहुकूम जुलै १९७४ चा, म्हणजे आणीबाणीच्या जवळजवळ वर्षभर आधीचा. मग १९७५ चा पाऊस चांगला झाला, धान्य सुमारे १० कोटी टनांवरून १२.१ कोटींवर गेलं. १९७६-७७ मध्ये ते ११.१ कोटींवर आलं आणि भाव परत चढले, तेव्हा आणीबाणी चालूच होती. नसबंदीत तर मास्तरांनी तोंगिलबद्दल सांगितलेलीच लक्ष्याची पायरी दिसते : १९७५-७६ मध्ये २६ लाखांच्या आसपास, पुढच्या वर्षी ८० लाखांवर, आणि १९७७-७८ मध्ये दहा लाखांच्याही खाली. सक्तीनं लोकांचा दवाखान्यावरचा विश्वास उडवला, ते नुकसान पुढं बरीच वर्षं चाललं.

मास्तर_वणी

एक भर. प्रत्येक नेत्याचं पहिलं आणि शेवटचं, दोन्ही वर्षं लिहून घ्या. मधली चार चांगली वर्षं निवडली की कुणीही थोर दिसतो. चिलीच्या पिनोशेचं नेहमी तसंच होतं. १९७९ मध्ये पेसो हे तिथलं चलन डॉलरला ३९ वर बांधलं, आयात स्वस्त झाली, लोकांनी नि बँकांनी डॉलरमध्ये कर्जं उचलली. १९८२ मध्ये तो बांध फुटला : उत्पन्न एका वर्षात सुमारे १४ टक्क्यांनी घसरलं आणि जानेवारी १९८३ मध्ये मुक्त बाजारवाल्या सरकारलाच मोठ्या बँका ताब्यात घ्याव्या लागल्या. तांब्याची कंपनी कोडेल्को तर त्यानं शेवटपर्यंत सरकारीच ठेवली, तीही त्याच्या खात्यात धरा. वेळ उरला तर रोमानियाचा चाउशेस्कू घ्या. त्यानं सुमारे १,००० कोटी डॉलरचं परदेशी कर्ज १९८९ पर्यंत खरंच फेडलं, त्यासाठी मांस-धान्य बाहेर विकलं आणि घरात पाव, तेल, साखर रेशनवर ठेवली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याची सत्ता गेली.