कॉम्प्रिहेन्शन म्हणजे नुसती ओळ वाचवणं नाही
पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिस्ट (यादी) किंवा डिक्शनरी एका ओळीत बनवायच्या पद्धतीला कॉम्प्रिहेन्शन म्हणतात. काही जण म्हणतात की ती म्हणजे नुसती ओळ वाचवणं, साधा फॉर लूप, म्हणजे एकेक नोंद घेऊन तेच काम पुन्हा करणारा कोड, तोच बरा. मला हे पटत नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरी-टॉवेलच्या कारखान्याचा हिशेब मी पायथनमध्ये ठेवतो. मोठ्या ऑर्डरींची यादी हवी, तर लूपमध्ये आधी रिकामी लिस्ट, मग अट, मग अपेंड, म्हणजे लिस्टमध्ये भर. काय बनतंय ते शेवटी कळतं. कॉम्प्रिहेन्शनमध्ये चौकटी कंस उघडताच तेच पहिल्यांदा दिसतं.

कॉम्प्रिहेन्शनमध्ये नको ते गाळायचं असेल तर इफ, म्हणजे अट, शेवटी. प्रत्येकाला हे किंवा ते मूल्य द्यायचं असेल, तर इफ-एल्स ('असं असेल तर हे, नाहीतर ते') फॉरच्या आधी. शिकणारी मुलं इथेच अडखळतात.

खरी काळजी घ्यायची ती डिक्शनरीत. तिच्यात प्रत्येक मूल्य एका 'की'खाली, म्हणजे ओळखीच्या खुणेखाली, ठेवलेलं असतं. डिझाइन नंबर 'की' धरून मी दरांची डिक्शनरी एका ओळीत बनवली होती. एकाच डिझाइनचे सिंगल आणि डबल असे दोन दर होते. पायथनने शेवटचा ठेवला, आधीचा पुसला, एररही आली नाही. चुकीच्या दराने बिलं गेली, माणसांना फोन करून परत मागवावी लागली. आता डिझाइन आणि साइझ यांचं टपल, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडी, हीच माझी 'की'.

आणि फक्त बेरीज हवी असेल तर लिस्ट बनवूच नका. 'सम'च्या कंसात तीच ओळ चौकटी कंसाशिवाय लिहा, तिचा जनरेटर होतो, म्हणजे पूर्ण यादी न बनवता मूल्यं एकेक करून देणारी गोष्ट. 2004 च्या पायथन 2.4 आवृत्तीपासून ही सोय आहे. एकेक आकडा येतो, बेरजेत जातो, मेमरी भरत नाही. मात्र एका ओळीत तिसरा फॉर आला की मीही सरळ लूपच लिहितो.