सुई न टोचता साखर मोजणाऱ्या घड्याळावर विसंबावे का?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

सप्रेम नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची असून दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते. साखर तपासायला रोज टोचून तिच्या बोटांच्या टोकांवर काळे ठिपके पडले आहेत आणि पोळ्या लाटताना ती बोटे दुखतात. राजवाड्याजवळच्या एका दुकानात मनगटावर प्रकाश टाकून साखर सांगणारे घड्याळ मिळते आहे. त्यातला आकडा पाहून इन्सुलिनचे युनिट ठरवले, तर चालेल का?

उत्तर १

कृपया तसे करू नका. त्वचेला छेद न देता साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा स्मार्ट अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावले होते. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन जास्त गेले, तर साखर एकदम उतरून शुद्ध हरपू शकते. आईंच्या वयात तर ही भीती अधिकच.

अडचण मुळातच आहे. हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते, म्हणून घड्याळाला नाडी कळते. ग्लुकोजला मात्र रंगच नाही. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात त्याची खूण उमटते खरी, पण तिथे पाणी, प्रथिने आणि चरबीही प्रकाश शोषतात, आणि १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम १०० मिलिग्रॅम असलेले ग्लुकोज त्या गर्दीत हरवते. त्यात घाम आणि त्वचेचे तापमान यांनीही आकडा हलतो. पदार्थावरून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, या सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेल्या पद्धतीत ग्लुकोजची खूण अधिक स्वच्छ ओळखता येते, म्हणून मला खरी आशा तिच्याकडूनच वाटते. मात्र तो संकेत अतिशय क्षीण असतो.

उत्तर २ (ग्वाल्हेर)

वरील उत्तराशी सहमत आहे. आजच्या स्मार्टवॉचच्या आधी, त्वचेतून सौम्य विद्युतप्रवाहाने द्रव ओढणाऱ्या ग्लुकोवॉच या मनगटी उपकरणाला मात्र २००१ मध्ये मान्यता मिळाली होती. पण त्याने कातडी चुरचुरायची आणि आकडा रक्ताशी जुळवून घेण्यासाठी बोट टोचावेच लागे. पुढे ते बाजारातून गेले.

तूर्त आईंसाठी दंडावर चिकटवायच्या सेन्सरबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याचा केसासारखा तंतू त्वचेखाली राहतो आणि काही प्रकार १४ दिवस चालतात. तो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे जेवणानंतर आकडा रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो. खर्च बराच येतो, हेही खरे.

ग्लुकोमीटरच वापरायचा असेल, तर बोटाच्या टोकाच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचा, बोटे आलटूनपालटून घ्या आणि लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) दरवेळी नवी वापरा.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. घड्याळ घेत नाही. सेन्सरविषयी डॉक्टरांशी बोलतो. तोवर आजपासून बोटाच्या कडेलाच टोचू.